बाहेरचा नळ सोडण्याआधी बेसमेंटमध्ये माणूस उभा करा

सप्रेम नमस्कार,

गेल्या सप्टेंबरात आम्ही मध्य न्यू जर्सीत घर घेतलं. घर १९८८ सालचं. त्याआधी कायम अपार्टमेंटमध्ये राहिल्यामुळे घराच्या बाहेरच्या बाजूलाही काही सांभाळायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं. बाहेर दोन नळ आहेत, एक मागे डेकजवळ आणि एक पुढे गॅरेजच्या कडेला. मागच्या नळाला आधीच्या मालकांचा होज लावलेला होता, तो हिवाळाभर तसाच राहिला. जानेवारीत शेजारच्या गृहस्थांनी तो पाहिला आणि डोक्याला हात लावला. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. पण अजून कुठेही थेंबभर गळती नाही. नवरा म्हणतो, "गळत नाही म्हणजे काही झालेलं नाही." लॉनचे स्प्रिंकलरही आहेत, त्यांना आम्ही हातच लावलेला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सासू-सासरे नाशिकहून येतील, सहा महिने राहतील. सासूबाईंना मागे भेंडी, मिरची, मेथी लावायची आहे, बीसुद्धा बांधून ठेवलंय म्हणे. पाडव्याला ऊन इतकं छान होतं की नळ सोडून बघावासा वाटला, पण धीर झाला नाही. नळ कधी सोडू? प्लंबरला आधीच बोलावू का?

– मागच्या नळाची धास्ती घेतलेली

नमस्कार,

धीर झाला नाही हे फार बरं झालं. नळ सोडायचाच आहे, पण एकटीनं नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नाही. प्लंबरला आज बोलावू नका. आधी अर्ध्या तासाची एक तपासणी घरच्या घरी करा. तिच्यातून काय निघतं त्यावर फोन करायचा की नाही ते ठरेल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं ऐकायला पटतं, पण या नळाच्या बाबतीत ते लागू पडत नाही. आतून फुटलेला असा नळ हिवाळाभर अगदी गुणी बाळासारखा कोरडा राहतो. तो का, हे आधी समजून घ्या.

तुमच्या मागच्या भिंतीला बहुधा फ्रॉस्ट-फ्री नळ असेल. बाहेरून ती साधी तोटीच दिसते, पण चावी फिरवल्यावर पाणी जिथं अडतं ती जागा तोटीत नसतेच. ती असते भिंतीच्या आत आठ, दहा, कधी बारा इंचांवर, घराच्या उबेत. चावीपासून तिथपर्यंत एक लांब दांडा जातो आणि त्याच्याभोवती नळी असते. नळ बंद केला की नळीत उरलेलं पाणी उतारानं बाहेर सांडतं. नळी रिकामी झाली की गोठायला काही उरतच नाही. म्हणजे त्या नळाची सगळी करामत पाणी सांडून जाण्यात आहे. होज लावलेलाच राहिला, त्यातून होजच्या टोकाचं पिस्तूल बंद असलं, तर ते पाणी जाणार कुठं? ते नळीतच बसतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा एका बाजूला आणि बंद झडप दुसऱ्या बाजूला, या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या पाण्याचा दाब इतका वाढतो की तांब्याची नळी तडकते. चीर केसाएवढी बारीक असते, बहुतेक वेळा नळीच्या लांबीच्या दिशेनं.

ही चीर पडते झडपेच्या पुढे, तोटीकडच्या भागात. नळ बंद असेपर्यंत तिथं पाणी पोचतच नाही. म्हणून जानेवारीपासून आजपर्यंत सगळं आलबेल. मग मे महिन्यात कोणीतरी झाडांना पाणी घालायला नळ सोडतं. बाहेर पाणी येतं, त्याच वेळी भिंतीच्या आत फवारा सुरू होतो आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. बेसमेंटमधला कार्पेट पायाला ओला लागेपर्यंत तीन-चार वेळा पाणी घालून झालेलं असतं. म्हणून या तपासणीत डोळे बाहेर नकोत, आत हवेत.

दिवस असा निवडा की तुम्ही दोघंही घरी आहात आणि कामाच्या वेळेत प्लंबर फोन उचलेल. पाडव्यावर जाऊ नका. यंदा तो १९ मार्चलाच आला, आणि आपल्याकडे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातही पहाटे पारा शून्याखाली गेला तर कोणाला नवल वाटत नाही. अर्थात अशा एखाद्या पहाटेनं भिंतीतली पाइप फुटत नाही. त्यासाठी बाहेरचं तापमान साधारण २० फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअसच्या) खाली जाऊन काही तास तिथंच राहावं लागतं. म्हणजे तपासणी या शनिवारी सकाळीही करता येईल. फक्त ती झाल्यावर होज काढून गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा, मेपर्यंत नळाला लटकत ठेवू नका.

आता प्रत्यक्ष काम. आधी होज नळावरून सोडवा. पितळेची कडी गंजून घट्ट बसली असेल, तर एका पकडीनं नळ धरा आणि दुसरीनं कडी फिरवा. नुसती कडी जोरात पिळलीत तर अख्खी नळी भिंतीत फिरते आणि नसलेलं दुखणं ओढवतं. बेसमेंटमध्ये जाऊन नळ भिंतीत शिरतो ती जागा शोधा. पायाच्या काँक्रीटवर जे लाकूड बसतं त्यातून पाइप बाहेर जाते. तिथं थंडी अडवायला गुलाबी फायबरग्लास कोंबलेलं असेल तर हातमोजे घालून तेवढं बाजूला करा, नाहीतर ते फायबरग्लासच पहिलं पाणी पिऊन टाकेल आणि तुम्हाला काही दिसणार नाही. एकानं टॉर्च घेऊन तिथं उभं राहायचं, दुसऱ्यानं बाहेर नळावर. दोघांचे फोन चालू.

बाहेरच्यानं नळ हळू सोडायचा आणि दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा. आत थेंब नाही? छान, पण एवढ्यावर समाधान मानू नका. बहुतेक लोक इथंच थांबतात आणि फसतात. पाणी मोकळं वाहत असताना नळीत दाब जवळजवळ नसतो. बारीक चीर असली तरी पाणी सोपी वाट धरून तोटीतून निघून जातं. म्हणून आता नळ चालूच ठेवून तोटीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा. घरातल्या पाण्याचा दाब नीट असेल तर अंगठ्यानं धार पुरती थांबणार नाही, बाजूनं उडेल, तुम्ही भिजाल. धार सहज थांबली तर संशय घ्या, पाण्याला आत दुसरी वाट मिळाली असण्याची शक्यता आहे. मग अंगठ्याऐवजी होज लावा, पिस्तूल बंद ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि आतल्या माणसाला चांगली पाच मिनिटं लाकडावर, पाइपवर, खालच्या भिंतीवर टॉर्च फिरवत ठेवा. चीर असेल तर आता पूर्ण दाब तिच्यावर येतो आणि ती लपत नाही.

तुमचं बेसमेंट फिनिश्ड असेल, म्हणजे त्या जागी ड्रायवॉलच्या पाट्यांनी पाइप झाकलेली असेल, तर मीटरची मदत घ्या. घरातलं सगळं पाणी बंद करा. डिशवॉशर, वॉशिंग मशीन, फ्रिजचा बर्फ करायचा कप्पा, काही विसरू नका. होज लावून, पिस्तूल बंद करून, बाहेरचा नळ सोडा. पाण्याच्या मीटरवर छोटासा त्रिकोण किंवा चांदणी असते, नव्या डिजिटल मीटरवर प्रवाहाचा आकडा येतो. तो त्रिकोण हलत असेल तर पाणी कुठंतरी जातंय. आधी होज आणि त्याचा जोड तपासा, कारण हिवाळ्यात उघड्यावर राहिलेला होज फुटलेला असणं हे भिंतीतल्या चिरेपेक्षा जास्त शक्य आहे. होज कोरडा, त्रिकोण फिरतोय आणि बाहेरचा नळ बंद केला की तो थांबतोय, तर दुखणं भिंतीत आहे. नळ बंद केल्यावरही फिरतच राहिला, तर दुसरीकडे कुठंतरी गळती आहे. बहुतेक वेळा टॉयलेटच्या टाकीत.

गळती निघाली तर घाबरण्यासारखं फारसं नाही. नळ बंद केला की ती थांबते. पण घरात कोणीतरी सवयीनं तो पुन्हा सोडणारच, म्हणून त्या पाइपला आत चावी असेल तर ती बंद करा आणि बाहेरच्या चावीवर प्लास्टिकची पिशवी बांधून चिकटपट्टी मारा. अशी तडकलेली नळी दुरुस्त करत नाहीत, अख्खा नळ बदलतात, तेवढ्याच लांबीचा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. उतार विसरला तर नवा नळही पुढच्या हिवाळ्यात जुन्याच वाटेनं जातो, म्हणून प्लंबरला तेवढं आवर्जून विचारा. तांब्याची पाइप असेल तर लाकडाच्या इतक्या जवळ गॅसच्या ज्योतीनं डाग द्यावा लागतो. यजमान कितीही हौशी असले तरी हे काम पहिल्यांदा शिकायची ही जागा नाही. भिजलेलं फायबरग्लास काढून टाका, पंखे लावा. २४ ते ४८ तासांत सुकलं नाही तर बुरशी धरते. विम्याचं म्हणाल तर अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत बसतं, महिनोन्‌महिने झिरपलेली ओल बसत नाही, आणि नळ बदलण्याचा खर्च सहसा आपल्याच खिशातून जातो. काही मोडण्याआधी फोटो काढून ठेवा.

पुढचा नळ मागच्याच जातीचा असेल असं धरून चालू नका. चावीचं चक्र भिंतीला समांतर, तोंड सरळ तुमच्याकडे असेल तर तो बहुधा फ्रॉस्ट-फ्री. चावी तिरकी, वर कललेली असेल तर साधा. साध्या नळाला बेसमेंटमध्ये वेगळी चावी असते आणि तिच्या अंगाला एक बारकं पितळी टोपण असतं, हिवाळ्याआधी पाइप रिकामी करायला. आतली चावी सोडण्याआधी ते टोपण घट्ट आहे ना ते पाहा, नाहीतर अंगावर कारंजं. आतली चावी उघडीच राहिली असेल, तर ही पाइप तुमच्याकडे हिवाळाभर भरलेलीच राहिली असणार. पण तिचा एक गुण आहे, फुटली असती तर थंडी ओसरताच तिनं आपणहून बोंब ठोकली असती, कारण तिथं दाब कायम असतो. तेव्हा ती आज कोरडी असेल तर खरंच कोरडी आहे. जुनी गोल चावी जाम असेल तर जोर लावू नका. आणि फिरवल्यावर दांड्याच्या बुडाशी थेंब आले, तर तिथली चपटी षटकोनी नट पान्यानं पाव फेरा आवळा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं.

नळ सोडल्यावर तोटीच्या डोक्यावरच्या टोपीतून पाणी उडायला लागलं तर तो वेगळा आजार. ती टोपी म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकर. होजचं टोक खताच्या बादलीत बुडालेलं आहे आणि त्याच वेळी रस्त्यावरची पाइप फुटून दाब पडला, तर ते खताचं पाणी घरातल्या पिण्याच्या पाण्यात उलटं ओढलं जाऊ नये म्हणून ती बसवतात. आतलं प्लास्टिक थंडीनं तडकतं. हार्डवेअरच्या दुकानात त्याचा छोटा किट मिळतो. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी ती टोपी काढूनच टाका असं सांगेल. त्याचं ऐकू नका. होजच्या जोडातून गळत असेल तर मात्र टेफ्लॉन टेपचे वेढे घालत बसू नका. तिथं पाणी आट्यांनी अडत नाही, आतल्या रबरी वायसरनं अडतं. वायसर बदला, काही सेंटचं काम आहे.

स्प्रिंकलरला तुम्ही हात लावला नाहीत असं लिहिलंय. मला त्याचीच मागच्या नळापेक्षा जास्त काळजी वाटते. न्यू जर्सीत शरद ऋतूत कॉम्प्रेसरनं हवा मारून या पाइपा रिकाम्या करून घ्याव्या लागतात. घर सप्टेंबरात ताब्यात आलं, म्हणजे आधीच्या मालकांनी ते केलं असण्याची शक्यता कमी. आधी एजंटकडून त्यांना विचारून घ्या. भिंतीला लागून गुडघ्याच्या आसपास एक पितळी डबा दिसेल, घंटेसारख्या टोपणाचा आणि दोन चाव्यांचा. हा बॅकफ्लो प्रिव्हेंटर, लॉनचं पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं येऊ न देणारा. पाइपा जमिनीत असतात आणि बऱ्याचदा लवचीक प्लास्टिकच्या असतात, त्या निभावतात. हा डबा उघड्यावर असतो, त्यामुळे पहिला तोच फुटतो. टोपणाखाली, चाव्यांच्या पोटाशी चीर दिसते का ते नुसतं बघा, सोडू नका. पहिल्या वर्षी हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे. आपल्या राज्यात लॉनच्या पाण्याच्या कंत्राटदाराला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, ते मागा. बऱ्याच टाउनशिपना त्या डब्याची दरवर्षी तपासणीही लागते, तीही त्याच फेरीत उरकून घ्या. तो माणूस काम करत असताना फोनवर व्हिडिओ काढा. आधी तो बारक्या स्क्रूच्या चाव्या आडव्या करून बंद करेल, मग मुख्य चावी अगदी सावकाश सोडेल. एकदम सोडली तर रिकाम्या पाइपांत पाणी धावत जाऊन धाडकन आदळतं आणि जोड निखळतात. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ बघून तुम्ही स्वतः करू शकाल. एप्रिल-मेमध्ये या लोकांची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून प्लंबरच्या आधी यांना फोन करा.

बेसमेंटमध्ये उतरलाच आहात तर संप पंपाच्या, म्हणजे तिथं साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यात एक-दोन बादल्या पाणी ओता. पंप सुरू होऊन बाहेरच्या पाइपमधून पाणी पडलं पाहिजे आणि ते भिंतीपासून चांगलं लांब पडलं पाहिजे. पन्हाळीच्या उभ्या पाइपांचंही तेच. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६२० गॅलन पाणी होतं. ते पायाशी ओतलं तर एप्रिलच्या पावसात बेसमेंट ओलं होतं आणि बिचाऱ्या नळावर आळ येतो.

सासूबाईंच्या बागेबद्दल. वाफे जमिनीवर लाकडी चौकटीत करणार असाल तर प्रश्न नाही. पण फावडं घालून खणणार असाल, किंवा त्या बाजूला नळाची नवी पाइप टाकायचा विचार असेल, तर काही दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून जाते त्याच्या खुणा ते फुकट करून देतात. स्प्रिंकलरच्या पाइपा मात्र तुमच्या स्वतःच्या, त्यांच्या खुणा कोणी करणार नाही. त्यासाठीही तो व्हिडिओवाला माणूस आला असेल तेव्हा कुठून कुठे पाइप गेलीय ते विचारून घ्या. आणि बी आणू नका म्हणावं. पेरणीचं बी अमेरिकेत आणायला रीतसर प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर तेवढ्यासाठी त्यांची सगळी बॅग उघडली जाईल. भेंडी, मेथी, गवार सगळ्यांचं बी इथं मिळतं. भेंडीला तसंही उबदार माती लागते. मेच्या मध्याआधी पेरली तर कुजते, म्हणजे त्या येतील तेव्हाच खरी वेळ असेल.

होजचं पाणी कोणी पिऊ नये, विशेषतः उन्हात पडलेल्या होजमधलं. नाशिकला अंगणातल्या नळावर चूळ भरायची, तोंड लावून प्यायची सवय असते. झाडांसाठी होज, पिण्यासाठी घरातला नळ, एवढं पहिल्याच दिवशी सांगा. त्याच दिवशी सासऱ्यांना बेसमेंटमध्ये नेऊन घराच्या पाण्याची मुख्य चावी दाखवा आणि एकदा त्यांच्याच हातून फिरवून घ्या. तुम्ही दोघं ऑफिसात असताना घरी तेच असणार. सहा महिने म्हणजे ते नोव्हेंबरपर्यंत राहतील. परतीच्या बॅगा भरायला काढतील तेव्हाच त्यांच्याकडून मागचा होज सोडवून घ्या.